सीटच्या कडेची पट्टी

नवी गाडी घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही साताऱ्यातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. आमच्या पुढे एका कुटुंबाची गाडी उभी होती. मॉडेल आमच्याच गाडीचे, फक्त रंग वेगळा. बॉनेटवरचे कुंकवाचे स्वस्तिक अगदी ताजे होते आणि झेंडूचा हार अजून सुकलेला नव्हता. चारही दरवाजे उघडे टाकून दुकानातला मुलगा पुढच्या सीटवर तपकिरी रेक्झिनचे कव्हर चढवत होता. गुडघा सीटवर रोवून तो दोन्ही हातांनी कव्हराच्या कडा खाली ओढत होता आणि प्रत्येक ओढीसरशी रेक्झिन करकरत होते. सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला, शिवणीत, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी एक कापडी पट्टी होती आणि तिच्यावर ‘एअरबॅग’ असे इंग्रजीत विणलेले होते. कव्हर खाली सरकत आले, पट्टी झाकली गेली आणि मुलाने वरून तळहात फिरवून सुरकुती मोडली. काम सफाईदार होते. गाडीच्या मालकीणबाई समाधानाने हसल्या आणि मलाही क्षणभर वाटले की आपली सीट याच रंगात किती छान दिसेल.

ती पट्टी तिथे शिवण्यामागे कारण असते. समोरून धडक बसली तर उघडणाऱ्या एअरबॅग स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये असतात. बाजूने धडक बसली तर छाती आणि कूस सांभाळणारी एअरबॅग मात्र बहुतेक गाड्यांत सीटच्या पाठीतच घडी घालून ठेवलेली असते आणि वेळ आली की ती सीटची शिवण उसवून बाहेर येते. समोरून येणाऱ्या धडकेचा जोर शोषायला निदान बॉनेटभर जागा असते. बाजूला दरवाजा आणि माणसाची बरगडी यांच्यात जेमतेम वीतभर अंतर. म्हणून या एअरबॅगला मिळणारा वेळ सेकंदाच्या मोजक्या शतांशांचा असतो. तिच्यावर जाड रेक्झिन, त्याखाली फोम आणि सीटच्या तळाशी घट्ट आवळलेले इलॅस्टिक असेल, तर ती उशिरा किंवा भलत्याच दिशेला उघडू शकते. आमची पाळी आली तेव्हा मी कव्हरे नको म्हणून सांगितले. दुकानदार आश्चर्याने म्हणाले, “ताई, एवढ्या महागाच्या गाडीच्या सीट उघड्याच ठेवणार?” त्यांच्या स्वरात विक्री हुकल्याची नाराजी नव्हती; आमच्या गाडीची त्यांना खरोखरच काळजी वाटत होती.

त्या रात्री झोप येईपर्यंत मी त्या दुसऱ्या गाडीच्याच सीटचा विचार करत होते.

नव्या गाडीला काहीतरी घेण्याची ओढ मी कमी लेखणार नाही. कर्जाचा हप्ता ठरवून, वर्षानुवर्षे पुढे ढकललेली खरेदी अखेर दारात उभी राहते, तेव्हा तिच्यासाठी काही केल्यावाचून घरातल्या कोणालाच राहवत नाही. यजमानांना रूफ कॅरिअर हवा होता, भाऊजींना पुढे लोखंडी गार्ड, थोरलीला मागच्या काचांना पडदे आणि सासूबाईंना डॅशबोर्डवर खंडोबा. प्रत्येकाच्या मागणीत प्रेम होते. अडचण एवढीच की आजची गाडी ही रिकामी पेटी राहिलेली नाही. तिच्या जवळजवळ प्रत्येक पृष्ठभागाआड काहीतरी दडलेले असते. कुठे सेन्सर, कुठे एअरबॅग, कुठे मुद्दाम कमजोर ठेवलेला पत्रा. वरून एखादी वस्तू बसवताना आपण खालचे काय अडवतो आहोत, हे दुकानातल्या झगमगत्या भिंतीसमोर उभे राहून कळत नाही.

माझ्या वडिलांच्या जीपला ही अडचण नव्हती. तासगावाकडे आमची द्राक्षबाग होती आणि बागेची औषधे, खोकी, माणसे, पाहुणे असे सगळे त्याच एका जीपमधून हलत असे. तिला गार्ड होता, वर कॅरिअर होता, मागे रबरी पडदे होते. पण माझ्या आठवणीत जीपपेक्षा तिच्या सीटखालची पत्र्याची पेटी अधिक स्पष्ट आहे. तिच्यात पाने, टॉर्च, सुताचा दोर, जादा फॅनबेल्ट, चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा आणि जुन्या धोतराच्या घड्या असत, शेजारी पाण्याचा कॅन असे. पुण्याला जाताना खंबाटकी घाटात रेडिएटर उकळला की अण्णा गाडी कडेला घेत, धोतराची घडी हातावर गुंडाळून झाकण हळूहळू सैल करत आणि वाफेचा तो गरम, गंजका वास आम्हा मुलांच्या नाकात शिरे. त्या पेटीतली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या खोळंब्यानंतर तिच्यात आलेली होती. शोभेची म्हणून त्यांनी काही घेतल्याचे मला आठवत नाही, आणि जीप विकली तेव्हा गिऱ्हाइकाला पेटी मात्र त्यांनी दिली नाही.

भाऊजींशी माझा वाद झाला तो लोखंडी गार्डवरून. जावळीत आमचे गाव आहे. मेढ्याच्या पुढे रात्री रस्त्यावर गवा आडवा येतो, म्हशी आडव्या येतात, आणि गार्ड असला तर निदान रेडिएटर वाचतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या भीतीत तथ्य आहे. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड हटवायला सांगितले, त्यामागचे कारण मला अधिक वजनदार वाटते. गाडीच्या पुढच्या भागाने धडकेत चुरगळावे अशीच त्याची रचना असते. तो चुरगळण्यात जो वेळ जातो, तेवढा वेळ आतल्या माणसाला थांबायला मिळतो. चासीला थेट बोल्टने जोडलेला लोखंडी पाइप हा धक्का मधे न अडवता आत पोहोचवतो, आणि एअरबॅग केव्हा उघडायची हे ज्या सेन्सरच्या मापावरून ठरते, ते मापही बिघडवू शकतो. पायी चालणाऱ्याच्या मांडीला तो पाइप लागला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही, हा मुद्दाही मी मांडला; भाऊजींना मात्र दुसरीच गोष्ट पटली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतात ‘भारत एनकॅप’ ही, गाड्या आपटून पाहून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी चाचणी सुरू झाली आणि गाडी निवडताना आम्ही तिचे तारे मोजले होते. ते तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीला मिळालेले असतात. गार्ड बसवल्यानंतरची आमची गाडी कोणी कधीच आपटून पाहिलेली नसणार. यावर भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग वहिनी, रात्रीचे निघूच नका.” त्यांचा हा सल्ला मात्र मी मनापासून स्वीकारला आहे, गावाहून परतताना आम्ही आता दिवस मावळायच्या आत निघतो.

सासूबाईंचा खंडोबा हा त्याहून नाजूक विषय होता. गाडी पहिल्यांदा पालीला न्यायची हे आधीच ठरले होते, आणि तिथूनच पितळेची एक लहान मूर्ती आणून डावीकडे, बसणाऱ्याच्या समोर, चिकटवायची असे त्यांच्या मनात होते. नेमक्या त्याच जागी डॅशबोर्डच्या झाकणाखाली एअरबॅग असते. ती उघडते तेव्हा खरोखरच डोळ्याचे पाते लवायच्या आत उघडते, झाकण फाडून वर येते, आणि त्या झाकणावर चिकटवलेली घट्ट, जड वस्तू थेट समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर येऊ शकते. हे सासूबाईंना कसे सांगावे, याचा मी बराच विचार केला, कारण ज्या देवाने राखण करावी म्हणून त्याला बसवायचे, त्याच्याच मूर्तीने इजा होईल हे वाक्य घरात उच्चारणेच अवघड होते. शेवटी मी त्यांना गाडीत बसवले, डॅशबोर्डवर कोरलेली इंग्रजी अक्षरे दाखवली आणि त्यांच्या जागी थोरली बसली असेल असे समजून बघायला सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पालीला गेल्यावर त्यांनी मूर्तीऐवजी कागदाइतके पातळ चित्र घेतले, मधल्या टचस्क्रीनच्या खालच्या सपाट जागेवर स्वतःच्या हाताने लावले आणि उरलेला भंडारा बॉनेटवर उधळला. आरशाला काही टांगायचे नाही हेही त्यांनी मानले, पण ते मानताना त्यांना वाईट वाटले, हे मला दिसले आणि अजून आठवते.

जी वस्तू मी कोणाशीही चर्चा न करता सर्वांत आधी घेतली, ती धाकट्याची सीट, म्हणजे बालआसन. दुकानाच्या भिंतीवर ती नव्हती, मागवावी लागली. आपल्याकडे लहान मूल पुढे आईच्या मांडीवर बसते, आणि तिथे ते सुरक्षित आहे असे आपल्याला मनापासून वाटते, कारण आपण त्याला घट्ट धरलेले असते. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली तर दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला लागणारे बळ कोणत्याही आईच्या हातात नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे, पण हा दंड भरणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही. सीट घेताना आपल्या गाडीत आयसोफिक्सचे आकडे, म्हणजे बालआसन अडकवायच्या लोखंडी कड्या, नक्की कोणत्या जागी आहेत ते आधी बोटांनी चाचपून पाहावे. मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत ते लागतात, आणि तीन रांगांच्या कित्येक गाड्यांत शेवटच्या रांगेला ते नसतातच. सीटला आर-४४ किंवा आर-१२९ या बालआसनांच्या सुरक्षा मानकाचे लेबल आहे का पाहावे, आणि अगदी लहान मुलाला मागे तोंड करून बसवावे, कारण त्याचे डोके जड आणि मान कोवळी असते. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर पुढे कधीही ठेवू नये. थोरलीला बूस्टर, म्हणजे बसण्याची उंची वाढवणारी बैठक, घेतला, कारण त्याच्याशिवाय पट्टा तिच्या खांद्यावरून न जाता गळ्यावरून जात होता. ती सुरुवातीला रुसली. बूस्टरवर बसल्यावर खिडकीबाहेरचे अजिंक्यताऱ्याचे टोक नीट दिसते, हे कळल्यावर रुसवा गेला.

पट्ट्यावरून आणखी एक सांगावेसे वाटते. पट्टा न लावता बसले की गाडीत जो आवाज होतो, तो बंद पाडणारी क्लिप कित्येक दुकानांच्या गल्ल्याजवळ चॉकलेटसारखी टांगलेली असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये ऑनलाइन बाजारातून अशा क्लिपच्या १३,११८ नोंदी काढायला लावल्याचे जाहीर केले. तो आकडा वाचून मी बराच वेळ सुन्न झाले होते.

रस्त्यांवरचा अंधार हा साताऱ्या-सांगलीकडे वेगळ्याच स्वरूपाचा असतो. गाळप हंगामात कराडहून ताकारी, पलूसमार्गे तासगावला संध्याकाळनंतर निघाले की एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटत राहतात. उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना लोंबतात, मागचा दिवा असलाच तर पाचटाआड जातो, आणि ट्रॉली दिसते तेव्हा ती फार जवळ आलेली असते. या भीतीपोटी लोक हेडलाइटमध्ये प्रखर पांढरे एलईडी बल्ब बसवतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात प्रकाश ठरावीक बिंदूतून येईल असे गृहीत धरलेले असते. बल्बची जात बदलली की तो बिंदू सरकतो आणि प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत विखुरतो. समोरचा ट्रॅक्टरवाला क्षणभर आंधळा होणे मला परवडणारे नाही. आम्ही बल्ब बदलले नाहीत. स्टिअरिंगजवळ दिव्यांची उंची खाली-वर करणारे एक लहान चाक असते. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते, तेव्हा ते चाक फिरवून झोत खाली घेता येतो, आणि याला पैसे पडत नाहीत. फॉग लॅम्प मात्र घेतले. पावसाळ्यात यवतेश्वरच्या चढाला लागले की काही वळणांवर बॉनेटच्या पुढचे काही दिसत नाही, आणि तिथे खालून पडणारा रुंद, बुटका झोत रस्त्याची कड दाखवतो. आमच्या गाडीत त्यांचा कपलर, म्हणजे वायर जोडायची तयार खोबण, कंपनीनेच देऊन ठेवला होता, त्यामुळे एकही वायर कापावी लागली नाही. वायर कापून, टेप गुंडाळून जोडलेली कोणतीही वस्तू मी स्वस्तात मिळाली तरी घेत नाही. विजेच्या भागांची वॉरंटी त्याने धोक्यात येते, आणि सैल जोडणीतून आग लागू शकते. शिवाय बाहेरून बसवलेल्या वस्तूंची विम्यात वेगळी नोंद केली नाही, तर त्यांची भरपाईही मिळत नाही.

पायाखालच्या मॅट घेताना मी गाव डोळ्यांपुढे ठेवले. जावळीचा तांबडा चिखल भाताच्या खाचरातून बुटांना चिकटून आला की कापडी मॅटमधून तो जन्मभर निघत नाही आणि चार दिवसांनी गाडीत कुबट वास धरतो. उंच कडांच्या रबरी मॅट घेतल्या. अंगणात नळाखाली धरल्या की स्वच्छ होतात. चालकाच्या बाजूची मॅट मूळ हुकांत बसते का आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो तिला अडकतो का, हे दुकानातच खाली वाकून तपासले. जुन्या मॅटवर नवी मॅट कधीच टाकू नये, दोन्ही मिळून पुढे सरकतात.

साइड स्टेपचा, म्हणजे दाराखालच्या पायरीचा, निर्णय मात्र मला वाटला त्याहून गुंतागुंतीचा निघाला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, गाडी उंच आहे, म्हणून ती घ्यायचीच असे आम्ही गृहीत धरले होते. दुकानात एका गाडीला ती लावलेली होती. मालकांची परवानगी घेऊन सासूबाईंना चढून-उतरून पाहायला सांगितले. चढताना आधार मिळाला. उतरताना मात्र पायरीची रुंदी मधे येऊन जमीन आणखी लांब गेली, आणि पायरीवरचा चिखल त्यांच्या लुगड्याच्या काठाला लागला. त्यांनी खाली पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. शिवाय जिथे खाली जागा कमी, तिथे गावच्या रस्त्यावरचे दगड आधी तिलाच घासणार. अखेर दाराच्या वरच्या बाजूला पकडायला कंपनीचा हँडल बसवून घेतला आणि डिकीत घडीचे लहान, रुंद पायांचे स्टूल ठेवले. थोरली ते आजीसाठी खाली मांडते आणि पुन्हा घडी घालते. हा उपाय देखणा नाही, पण त्या आता कुणाच्या हाताशिवाय उतरतात.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवा भरायचा पंप घ्यावा. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरल्या गाडीचा हवेचा दाब वेगळा दिलेला असतो, आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असेल, तर ती ताशी ऐंशीच्या आतच चालवायची, हे घरच्या प्रत्येक चालकाला माहीत हवे. काच फोडायची हातोडी चालकाच्या हाताला येईल अशा जागी लावावी आणि ती बाजूच्याच काचेवर मारावी, कारण पुढची काच दोन थरांची असते आणि फुटली तरी पडत नाही. काळी फिल्म आम्ही लावली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात तिला मनाई केली, आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश जायला हवा असा नियम आहे. त्याऐवजी गाडी उभी केल्यावर पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावतो. माण-खटावच्या उन्हात लग्नाला गेलो होतो, तेव्हा परतताना स्टिअरिंगला हात लावता आला, तो त्याच्यामुळे. रूफ कॅरिअर यजमानांनी स्वतःहून सोडला, कारण टपावर किती वजन चालते हे पुस्तिकेत वाचल्यावर तेवढे सामान डिकीतच मावते असे त्यांच्या लक्षात आले.

सीट कव्हरांचा विषय यानंतरही घरात निघत राहिला. धाकट्याचे दूध सांडते, उन्हात फिकट सीट मळकट दिसतात, आणि पाहुणे विचारतात. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. एअरबॅगच्या जागी मुद्दाम कच्ची शिवण ठेवलेली कव्हरे गाडीच्या कंपनीकडूनच मिळतात. ती महाग आहेत, म्हणून फक्त मागच्या सीटच्या बैठकीवर धुता येईल असे जाड सुती कापड टाकले, बालआसन आणि पट्ट्यांची कुलपे मोकळी राहतील एवढे कापून. पुढच्या सीट जशा आल्या तशाच आहेत. त्या दिवशीच्या दुसऱ्या गाडीच्या मालकीणबाईंना मी तेव्हा काहीच बोलले नव्हते. परक्या माणसाच्या आनंदात असे बोलणे योग्य की अयोग्य, याचा निवाडा माझ्या मनात अजून झालेला नाही. मात्र ओळखीत कोणी नवी गाडी घेतली की पेढा हातात घेतानाच मी आता सीटच्या कडेची ती पट्टी दाखवते.

प्रवासाचे चित्रीकरण करणारा डॅशकॅम घ्यायचा राहिला आहे. तो गाळप हंगाम सुरू होण्याआधी लावायचा विचार आहे. काचेजवळच्या उन्हात फुगणाऱ्या बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला, पुढचे आणि मागचे दोन्ही टिपणारा, आणि सतत चित्रीकरण साठवण्यासाठी बनवलेले मेमरी कार्ड वापरणारा पाहतो आहोत. गाडी उभी असतानाचे चित्रीकरण हवे असेल तर वायर थेट फ्यूजपेटीत न्यावी लागते. तसे केल्यास गाडीची बॅटरी किती उतरते, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले आहे. त्यांचे उत्तर आल्यावर ठरवू.